जुना संगणक आणि मोजका पैसा : हौशी वापरकर्त्याने खर्च कोठे करावा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या संगणक प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. २९ जुलै २०१५ रोजी उपलब्ध झालेल्या या प्रणालीवर देशातील असंख्य घरगुती संगणक दहा वर्षे चालत आले होते. पाठिंबा थांबला म्हणजे संगणक बंद पडला, असे नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, त्यावर मजकूर टंकित करता येतो, गाणी ऐकता येतात. मात्र प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींवरील दुरुस्त्या त्याला पूर्वीप्रमाणे आपोआप मिळत नाहीत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

अशा संगणकाचा मालक दुकानात गेला की त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : हा काढून टाका, नवा घ्या. ज्याचा व्यवसायच संगणकावर अवलंबून आहे, त्याला हा सल्ला मानवेलही. परंतु घरातील जुनी छायाचित्रे स्कॅन करून जपणारा, वडिलांची हस्तलिखिते टंकित करणारा, फावल्या वेळात गाणे ध्वनिमुद्रित करणारा किंवा मुलीला प्रोग्रामिंगची गोडी लावू पाहणारा हौशी माणूस संगणकावर पैसे मिळवीत नसतो. त्याचा खर्च घरखर्चातून वाचविलेल्या पैशांतून होतो. म्हणूनच त्याने कोणता भाग घ्यावा, कोणता टाळावा आणि कोणते सॉफ्टवेअर वापरावे, याचा विचार थोडा शिस्तीने करणे आवश्यक ठरते.

या विचाराचा क्रम बाजारातील क्रमाच्या उलट असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बाजारात आधी यंत्र दाखविले जाते, मग त्यावर काय चालेल हे सांगितले जाते. वास्तविक आधी काम ठरवावे, त्या कामासाठी कोणते सॉफ्टवेअर लागते ते पाहावे आणि त्या सॉफ्टवेअरला पुरेल एवढेच यंत्र घ्यावे. असे केल्यास अनेकदा नवे यंत्र घेण्याची गरजच उरत नाही.

नव्या प्रणालीची अट

'विंडोज ११' ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्या किमान अटींपैकी ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट साठवणक्षमता या दोन अटी जुने संगणकही सहज पूर्ण करतात. अडचण येते ती अन्य दोन अटींमुळे. संगणकात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था असावी लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीत असावा लागतो. ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासूनचे, आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर या यादीत बसतात. त्याआधीचा संगणक कितीही सुस्थितीत असला तरी तो अधिकृतरीत्या अपात्र ठरतो.

येथे एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. २०१८ च्या आसपासच्या अनेक संगणकांत टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते, परंतु कारखान्यातून येताना ती बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावर जाऊन, इंटेलच्या बाबतीत 'पीटीटी' आणि एएमडीच्या बाबतीत 'एफटीपीएम' हा पर्याय चालू केला की तोच संगणक पात्र ठरू शकतो. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम पात्रता तपासून देतो. एक रुपयाही खर्च न होणारी ही तपासणी दुकानात जाण्यापूर्वी व्हावी.

यादीत न बसणाऱ्या संगणकावर अटी चुकवून 'विंडोज ११' बसविण्याच्या युक्त्या प्रचारात आहेत. त्या चालतात, पण अशा संगणकाला पुढील सुधारणा मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. शिवाय २०२४ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट आज्ञा असणे अनिवार्य झाल्यामुळे फार जुन्या यंत्रांवर ही प्रणाली सुरूच होत नाही. ज्यांना केवळ थोडा अवधी हवा आहे, त्यांच्यासाठी कंपनीने 'विंडोज १०' करिता १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना आणली. तिचे शुल्क ३० डॉलर ठेवण्यात आले. मात्र मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून संगणकाची मांडणी ऑनलाइन साठविण्याचा पर्याय स्वीकारणाऱ्यांना ती विनाशुल्क उपलब्ध करून देण्यात आली. ही सवलत विचार करण्यासाठी मिळालेली मुदत होती, कायमची सोय नव्हे.

संगणक मंद का झाला?

जुन्या संगणकाविषयी सर्वांत मोठी तक्रार मंदपणाची असते आणि तिचे खापर जवळजवळ नेहमीच प्रोसेसरवर फोडले जाते. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा हार्ड डिस्कचा असतो. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून माहिती वाचली जाते. हव्या त्या जागी वाचक-शीर्ष पोहोचण्यास सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. हा काळ आपल्याला नगण्य वाटेल. परंतु प्रणाली सुरू होताना हजारो लहान-लहान फाइली ठिकठिकाणांहून वाचाव्या लागतात आणि हे दहा-दहा मिलिसेकंद साचत जातात. एसएसडीमध्ये फिरणारा कोणताही भाग नसतो. तेथे हाच काळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली की दहा वर्षांपूर्वीचा संगणकही ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. जुन्या संगणकावर करण्याजोगा सर्वांत फलदायी खर्च कोणता, असे विचारल्यास उत्तर निःसंशय हेच आहे.

एसएसडी दोन प्रमुख प्रकारांत मिळते. साटा पद्धतीची अडीच इंची एसएसडी सेकंदाला सुमारे साडेपाचशे मेगाबाइट वाचू शकते. एनव्हीएमई पद्धतीची पट्टीच्या आकाराची एसएसडी जुन्या तिसऱ्या पिढीच्या जोडणीवरही साडेतीन हजार मेगाबाइटपर्यंत जाते. आकडे पाहून दुसरीचा मोह होतो. परंतु बहुतेक जुन्या मदरबोर्डवर तिच्यासाठी जागाच नसते आणि असली तरी लेखन, वाचन, इंटरनेट यांसारख्या कामांत दोहोंमधील फरक फारसा जाणवत नाही. जाणवतो तो हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्यातील फरक. काढलेली हार्ड डिस्क फेकू नये. तिची प्रकृती ठीक असेल, तर एका लहानशा आवरणात घालून ती प्रत जपण्यासाठी वापरता येते. मोठ्या संग्रहाच्या प्रती ठेवण्यास हार्ड डिस्क आजही उपयुक्त आहे. एसएसडी दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास तिच्यातील माहितीची खात्री देता येत नाही.

डिस्कनंतर क्रम लागतो रॅमचा. केवळ ४ गिगाबाइट रॅम असलेला संगणक आजच्या ब्राउझरमध्ये चार-सहा पाने उघडली की धापा टाकू लागतो. घरगुती कामासाठी ८ गिगाबाइट पुरतात, छायाचित्रांवर संस्करण करायचे असल्यास १६ असावेत. शक्य असेल तेथे एकच मोठी पट्टी घेण्याऐवजी सारख्या क्षमतेच्या दोन घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते. अंतर्भूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात हा लाभ विशेष दिसतो. लॅपटॉपसाठी पट्टी घेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. २०१३ नंतरच्या अनेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टवर चालणारी 'डीडीआर-३ एल' लागते. दिसायला तशीच असलेली दीड व्होल्टची जुनी पट्टी त्यांत बसते, पण चालत नाही.

रॅमच्या बाबतीत २०२५ च्या उत्तरार्धात बाजाराचे चित्र पालटले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरांकडून स्मृती-चिपांना एवढी मागणी आली की उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळविली आणि सामान्य ग्राहकांच्या पट्ट्यांच्या किमती झपाट्याने चढल्या. हौशी मंडळींच्या परिचयाचा 'क्रुशियल' या नावाने चालणारा ग्राहक-व्यवसाय बंद करण्याची घोषणा मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी केली. गेली अनेक वर्षे 'रॅम स्वस्तच आहे, मागाहून वाढवू' हा सल्ला बिनधोक दिला जात असे. तो तसा राहिला नाही. जुन्या संगणकातील चालू स्थितीतील पट्ट्या भंगारात देण्यापूर्वी एकदा विचारपूस करावी, हे यातून ओघाने आलेच.

कधीकधी मंदपणाचे कारण याहूनही साधे असते. पंख्यात आणि उष्णताशोषक पात्यांत धूळ साठली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. मऊ कुंचल्याने केलेली सफाई आणि प्रोसेसरवर नव्याने लावलेला थर्मल पेस्टचा थर यांनी असा संगणक पूर्वपदावर येतो. दर वेळी सुरू करताना तारीख-वेळ चुकीची दिसत असेल आणि त्यामुळे संकेतस्थळे 'असुरक्षित' असा इशारा देत असतील, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची 'सीआर २०३२' बॅटरी संपलेली असते. ती घड्याळ्याच्या दुकानातही मिळते. एवढ्याशा कारणावरून संगणक 'बिघडला' म्हणून विकला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

जुन्या यंत्रांचा बाजार

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या संगणकाऐवजी दुसरा घ्यायचाच झाल्यास नव्याखेरीज आणखी एक मार्ग असतो. मोठ्या कंपन्या आपले संगणक साधारणतः तीन ते पाच वर्षांनी बदलतात आणि निघालेली यंत्रे घाऊक दराने विकली जातात. तीच पुढे तपासून, स्वच्छ करून 'रिफर्बिश्ड' या नावाने बाजारात येतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, दिल्लीतील नेहरू प्लेस, बंगळुरूतील एस. पी. रोड, चेन्नईतील रिची स्ट्रीट या बाजारपेठांत अशा यंत्रांची मोठी उलाढाल चालते. कार्यालयांसाठी बनविलेली ही यंत्रे घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रांहून सहसा दणकट असतात, उघडायला सोपी असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. त्याच किमतीचा नवा, सर्वांत खालच्या प्रतीचा लॅपटॉप घेण्यापेक्षा असे यंत्र घेणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडून टाकलेली असते. ती पुढे कधीच वाढविता येत नाही.

या बाजारात फसगत होण्याची जागा मात्र ठरलेली आहे. विक्रेता 'आय-५ आहे' असे सांगतो आणि ग्राहक समाधान पावतो. केवळ 'आय-५' या शब्दाने काहीच कळत नाही. त्यापुढील आकडा पाहावा. 'आय-५ २४००' हा २०११ मधील दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे, 'आय-५ ८५००' हा आठव्या पिढीचा, तर 'आय-५ १०४००' हा दहाव्या पिढीचा. चार आकडी संख्येतील पहिला आणि पाच आकडी संख्येतील पहिले दोन आकडे पिढी सांगतात. 'विंडोज ११' हवी असेल, तर आठच्या खाली उतरू नये. नसेल, तर चौथ्या ते सातव्या पिढीतील यंत्रांकडे जरूर पाहावे, कारण अपात्र ठरल्यामुळे त्यांचे भाव खाली आलेले असतात. विंडोजखेरीज अन्य प्रणाली वापरण्याची तयारी असलेल्या ग्राहकाला ही पडती किंमत म्हणजे पर्वणीच होय.

खरेदीपूर्वी यंत्र समोर चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. डिस्क किती तास चालली आहे आणि तिची प्रकृती कशी आहे, हे 'क्रिस्टल डिस्क इन्फो' या मोफत प्रोग्रामने क्षणात कळते. लॅपटॉपची बॅटरी मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे, याचा अहवाल विंडोज स्वतःच देते. बायोसला पूर्वीच्या कंपनीचा पासवर्ड लावलेला नाही ना, हेही तपासावे; तो असल्यास घरी आल्यावर नवी प्रणाली बसविणे अशक्य होऊन बसते. पावती आणि लेखी हमी घेण्यास संकोच करू नये. संगणकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि तो वाचविण्यासाठी 'बिनबिलाचा' माल सुचविला जातो. परंतु पावती नसेल, तर हमीचा दावा कशाच्या आधारावर करणार?

दोन गोष्टी जुन्या घेऊ नयेत. पहिली एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरविणारी पेटी. ती बिघडताना सोबत मदरबोर्डही घेऊन जाऊ शकते. जुळणी केलेल्या संगणकांत सर्वाधिक काटकसर याच भागात केली जाते आणि वर छापलेले वॅट आत असतातच असे नाही. '८० प्लस' हे चिन्ह असलेली पेटी किमान ८० टक्के कार्यक्षमतेची असते. तेवढा आग्रह ठेवावा. दुसरी गोष्ट म्हणजे एसएसडी. तिच्यावर लेखन होण्याला मर्यादा असते आणि आधी किती लेखन झाले, हे ग्राहकाला वरून दिसत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या अतिस्वस्त पेनड्राइव्ह आणि कार्डांविषयी तर वेगळे सांगायला नको. लेबलवर एक टेराबाइट आणि आत बत्तीस गिगाबाइट असा प्रकार सर्रास आढळतो. 'एच-२-टेस्ट-डब्ल्यू' हा प्रोग्राम पूर्ण क्षमता लिहून-वाचून खरे काय ते दाखवितो.

विजेचा हिशेबही करून पाहावा. जुना डेस्कटॉप सरासरी १०० वॅट आणि लहान आकाराचा आधुनिक संगणक २० वॅट वीज घेतो, असे मानू. रोज पाच तास वापर असल्यास महिन्याला अनुक्रमे १५ आणि ३ युनिट लागतात. युनिटला आठ रुपये धरले, तर फरक महिना ९६ रुपये, वर्षाला १,१५२ रुपये. एवढ्यासाठी नवे यंत्र घेण्यात अर्थ नाही. परंतु तोच संगणक घरातील छायाचित्रे व चित्रपट सर्वांना उपलब्ध करून देण्यासाठी चोवीस तास चालू ठेवायचा असेल, तर फरक महिन्याला ५७.६ युनिट आणि वर्षाला साडेपाच हजार रुपयांच्या घरात जातो. अशा कामाला इंटेलचा एन-१०० हा अवघ्या ६ वॅटचा प्रोसेसर असलेला लहान संगणक किंवा रास्पबेरी पाय योग्य. इंग्लंडमध्ये २०१२ साली ३५ डॉलर किमतीने सुरू झालेला रास्पबेरी पाय मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकविण्यास उत्तम आहे. पण वीजपुरवठा, कार्ड, पेटी असे सर्व जोडत गेल्यावर त्याची एकूण किंमत जुन्या चांगल्या डेस्कटॉपजवळ येते. घरातील एकमेव संगणक म्हणून त्याची निवड करू नये.

सॉफ्टवेअरचा प्रश्न

आपल्याकडे हौशी वापरकर्ता यंत्रासाठी घासाघीस करतो आणि सॉफ्टवेअर मात्र 'टाकून' घेतो. जुळणी करणारा कारागीर विंडोज, ऑफिस आणि फोटोशॉप विनामूल्य टाकून देतो, ही त्याची सेवा समजली जाते. कायदा याकडे सेवा म्हणून पाहत नाही. स्वामित्व हक्क कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार, बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी वापर नसल्यास कैद न देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. शिक्षेची शक्यता दूरची वाटत असेल, तरी दुसरा धोका जवळचा आहे. परवान्याची अट मोडण्यासाठी बनविलेले 'क्रॅक' चालविताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो, म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या सोपवाव्या लागतात.

ऑनलाइन काहीशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या विंडोजच्या 'की' विषयीही सावध राहावे. संगणकासोबत येणारा परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो, स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. स्वस्त 'की' यांपैकी नेमकी कशी मिळविली, हे विक्रेता सांगत नाही. कंपनीचा रिफर्बिश्ड संगणक घेण्याचा येथे एक लाभ आहे. गेल्या दशकातील अशा बहुतेक यंत्रांमध्ये विंडोजचा परवाना बायोसमध्येच नोंदलेला असतो. प्रणाली नव्याने बसविली की तो आपोआप मान्य होतो.

दुसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सवर आधारित अनेक प्रणाली विनामूल्य आणि पूर्णतः कायदेशीररीत्या वापरता येतात. विंडोजची सवय असलेल्यांना 'लिनक्स मिंट' सर्वांत जवळची वाटते. तिला किमान २ गिगाबाइट रॅम लागते, ४ असल्यास ती नीट चालते. २०२४ मधील तिच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. ती पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर चालतात की नाही हे अर्ध्या तासात समजते आणि पसंत न पडल्यास पेनड्राइव्ह काढून ठेवला की झाले. भारतातही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. सी-डॅकने 'बॉस' या नावाची भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली विकसित केली, तर केरळमधील शासकीय शाळांचे संगणक-शिक्षण अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आले आहे.

छायाचित्रांसाठी गिंप, रेखाचित्रांसाठी इंकस्केप, ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी, त्रिमितीय चित्रणासाठी ब्लेंडर आणि कार्यालयीन कामासाठी लिब्रे ऑफिस ही सर्व सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतात. त्यामुळे आधी विंडोजवरच त्यांची सवय करून घ्यावी आणि नंतर प्रणाली बदलावी, हा मार्ग अधिक सुकर. अडोबी कंपनीने २०१३ मध्ये आपली प्रमुख सॉफ्टवेअर केवळ वर्गणी पद्धतीने देण्याचा निर्णय जाहीर केला. सुटीच्या दिवशी दोन छायाचित्रे सुधारणाऱ्या माणसाने दरमहा वर्गणी भरत राहावे, हे काही पटण्यासारखे नाही. गिंप शिकण्यास पंधरवडा जातो, त्याची मांडणी सुरुवातीला चमत्कारिक वाटते. पण तो पंधरवडा एकदाच द्यावा लागतो.

तथापि मुक्त सॉफ्टवेअरने सर्व काही साधते, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टॅली विंडोजवरच चालते. काही लेसर प्रिंटरांचे चालक-प्रोग्राम लिनक्ससाठी नाहीत किंवा असूनही त्रास देतात. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांचीही हीच कथा. लिब्रे ऑफिसमध्ये साधी पत्रे आणि तक्ते व्यवस्थित उघडतात. गुंतागुंतीच्या मांडणीचे दस्तऐवज किंवा मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली विस्कटू शकतात. यांपैकी एखादी गोष्ट आपल्या कामात अटळ असेल, तर विंडोजला पर्याय नाही आणि यंत्रही त्या मानाने घ्यावे लागेल.

मराठीतून काम करणाऱ्यांपुढे एक विशेष अडचण असते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या काळातील मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र फॉन्टांत साठविलेला आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती अक्षरे निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. असा जुना संग्रह ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी जुनी विंडोज एकदम पुसून टाकू नये. ती डिस्कच्या एका भागात किंवा वेगळ्या जुन्या संगणकावर, इंटरनेटपासून तोडून, जपावी आणि मजकूर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. नव्या लेखनासाठी मात्र चिंता उरलेली नाही. इनस्क्रिप्ट हा कळफलक भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये स्वीकारला गेला आणि तो विंडोज व लिनक्स या दोहोंत वेगळे काही विकत न घेता मिळतो. लोहित, नोटो, मुक्ता, तसेच आयआयटी मुंबईने तयार केलेला शोभिका असे चांगले देवनागरी फॉन्ट विनामूल्य आहेत. छापील मराठी कागदावरून मजकूर उचलण्यासाठी 'टेसरॅक्ट' हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी जाणते. स्वच्छ छपाई असल्यास ते उपयोगी पडते, जुन्या पिवळ्या पानांवर मात्र बरीच हातदुरुस्ती करावी लागते.

ग्राफिक कार्ड : मोहाची जागा

चलच्चित्रांचे संपादन, त्रिमितीय चित्रण किंवा नवे खेळ यांपैकी काही हौस असेल तरच स्वतंत्र ग्राफिक कार्डाचा विचार करावा. अन्य कामांना प्रोसेसरमधील अंतर्भूत ग्राफिक्स पुरेसे आहेत. जुनी कार्डे स्वस्तात दिसतात, त्यामागे इतिहास आहे. इथेरियम या आभासी चलनाची 'खाणकाम' पद्धत १५ सप्टेंबर २०२२ रोजी संपुष्टात आली आणि महिनोन्महिने अहोरात्र राबलेली कार्डे जगभरच्या बाजारांत उतरली. याखेरीज एनव्हिडियाने २०१६ मधील जीटीएक्स १० मालिकेसह तिच्या आधीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप चालक-प्रोग्राम ऑक्टोबर २०२५ नंतर न देण्याचे जाहीर केले. केवळ सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. हे कार्ड जुन्या खेळांना आजही चालेल. नव्यांसाठी घेत असल्यास ते पैसे थोडे थांबवून ठेवणे बरे. शिवाय मोठ्या कार्डाला मोठी एसएमपीएस लागते, हा खर्च अनेकदा हिशेबात धरलेला नसतो.

एखाद्याजवळ २०१५ चा डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-५, ४ गिगाबाइट रॅम आणि हार्ड डिस्क आहे आणि त्याला कुटुंबाचा इतिहास लिहून, चारशे जुनी छायाचित्रे स्कॅन करून नातेवाइकांना द्यायची आहेत, असे मानू. त्याने २४० किंवा २५६ गिगाबाइटची साटा एसएसडी घ्यावी, जुनीच पण तपासलेली ४ गिगाबाइटची आणखी एक पट्टी घालावी, लिनक्स मिंट, लिब्रे ऑफिस आणि गिंप बसवावे. स्कॅनर लिनक्सवर चालतो की नाही, हे पेनड्राइव्हवरून आधी पाहून घ्यावे. उरलेल्या पैशांतून बाहेरची एक हार्ड डिस्क आणि लहानसा यूपीएस घ्यावा. वीज अचानक गेल्याने अर्धवट लिहिलेली फाइल खराब होणे, हा त्या कामातील खरा धोका आहे. नवा संगणक त्याला या कामात अधिक काही देणार नाही. याच माणसाला लग्नसमारंभांची उच्च प्रतीची चलच्चित्रे जोडायची असतील, तर या यंत्रावर एक रुपयाही न घालता ते विकावे आणि आठव्या किंवा त्यापुढील पिढीचे, १६ गिगाबाइट रॅमचे यंत्र पाहावे. दोन्ही माणसांजवळ संगणक एकच आहे. काम वेगळे आहे, म्हणून उत्तर वेगळे.

यंत्र विकण्याचे किंवा भंगारात देण्याचे ठरल्यास डिस्कवरील माहितीची विल्हेवाट आधी लावावी. फाइल 'डिलीट' केल्याने ती पुसली जात नाही, तिची केवळ नोंद जाते आणि साध्या प्रोग्रामनेही ती परत मिळविता येते. हार्ड डिस्कच्या सर्व जागेवर एकदा शून्ये लिहावीत; एसएसडीसाठी तिच्या उत्पादकाने दिलेल्या प्रोग्राममधील 'सिक्युअर इरेज' हा पर्याय वापरावा. चालतच नसलेली डिस्क काढून घेऊन मगच यंत्र द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे रद्दीवाल्याऐवजी कंपनीच्या संकलन केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे हे यंत्र सोपवावे. मदरबोर्डवरील शिसे आणि बॅटरीतील रसायने उघड्यावर जाळली जाण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.